कोर्टात उभा राहिलेला दुसराच माणूस

ती घटना आजही माझ्या मनातून हलत नाही. चाळीसच्या दशकात मी नगर जिल्ह्यात फौजदार होतो. खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण या प्रकरणाइतका संताप मला क्वचितच आला.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. तिसगावकडची एक ख्रिस्ती बाई ठाण्यात आली. साखर कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करताना तिच्या नवऱ्याचा उजवा हात चरकात सापडून मनगटापासून गेला होता. भरपाईसाठी ठेकेदारावर दावा लावला होता. वकील नगरचा, नावाजलेला.

“साहेब, बाजारात एकजन म्हनला, तुजा नवरा काल कोर्टात हुता, तडजोड झाली. आवो, नवरा तर कवाचा तापानं पडून हाय! मंग कोर्टात कोन हुता?”

ठाणे अंमलदार “हे दिवाणी काम आहे” म्हणून तिला वाटेला लावू लागला. मी त्याला थांबवले. हात गेलेल्याच्या जागी भलताच माणूस उभा राहिला असेल, तर ती सरळ तोतयेगिरी होती.

मी तिच्या घरी गेलो. नवरा खाटेवर पडलेला, जखम चिघळलेली. वकिलाचे नाव काढताच तो बायकोवरच उखडला. “वकीलसाहेब देवमानूस हाय! तू कोर्टात यायचं न्हाई, मी हाय ना, म्हन्ले. आन् हिला संशय!” तक्रार द्यायला त्याने साफ नकार दिला. फसवला गेलेला माणूस फसवणाऱ्याचीच बाजू घेतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले होते. पण त्याच्या जबाबाशिवाय खटला उभा राहणार नव्हता.

उजवा हात नसलेली त्या वयाची माणसे असून असून किती असणार? हवालदाराने आठवडे बाजार पालथे घातले आणि खर्ड्याकडचा एक जण ठाण्यात आणला. विहिरीच्या सुरुंगात त्याचा हात गेला होता. गळ्यात खंडोबाचा टाक.

“म्या कोर्टाचं त्वांडसुदिक पाह्यलं न्हाई,” हेच त्याचे पालुपद. दरडावून झाले, गोडीत घेऊन झाले, गडी ढिम्म. मारझोड मी करू दिली नाही. मार खाऊन माणूस बोलतो खरा, पण आपल्याला हवे तेच बोलतो.

शेवटी मी मिशनच्या पाद्रीसाहेबांकडून बायबल मागवले आणि त्याच्यापुढे ठेवले. “कोर्टात गेलो नाही, अशी यावर शपथ घे.”

आपल्याकडचा हिंदू माणूस पोथी हातात आली की कपाळाला लावतो. याने डाव्या हाताने पुस्तक उचलले आणि थेट ओठांना लावले. त्या काळी कोर्टात ख्रिस्ती साक्षीदार शपथ घेताना असेच करीत.

“हे कुणी शिकवलं रे तुला?”

त्याने पुस्तक घाईने खाली ठेवले. “वकीलसाहेबांनी. फिरून फिरून करून घ्येतलं, साहेब.”

मग सगळे बाहेर आले. वकील आतून ठेकेदाराला मिळालेला होता. खरा पक्षकार क्षुल्लक रकमेवर तडजोड करणार नाही, हे ओळखून याला त्याच्या नावाने उभे केले होते.

मी पुन्हा त्या घरी गेलो आणि सारे सांगितले. नवरा म्हणाला, “साहेब, आमच्या दारात गावातला मोठा मानूस पानीसुदिक पेत न्हाई. ह्यो मानूस घरात बसून चहा पिला. म्हनून म्या कायबी इचारलं न्हाई.”

त्या गावाचीही मला तेव्हा किळस आली. गावाने त्याला मानासाठी एवढे उपाशी ठेवले होते की कपभर चहावर तो विकला गेला.

त्याने जबाब दिला. वकिलाला शिक्षा झाली, सनद गेली, तडजोड रद्द झाली. चांगला वकील कसा ओळखावा, असे मला लोक विचारतात. तो किती गोड बोलतो, याला महत्त्व देऊ नका. तुम्ही प्रश्न विचारल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडते का, तुमच्याच दाव्यापासून तो तुम्हाला लांब ठेवतो का, एवढे पाहा.

दावा पुन्हा चालला तोवर नवरा राहिला नव्हता. जखमेचे विष अंगात भिनले होते. पुढे भरपाई बायकोला मिळाली. पण मला आठवते ती तिची पहिली तारीख. पुकारा झाला, नवा वकील आत जायला निघाला, तशी ती त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली.

“थांबा. आत काय बोलनार, ते आदी मला सांगा.”