एकमेकांना वेढलेले दोन जिने

परवा सिंगापुरात नोव्हेनाच्या क्लिनिकमध्ये लाकडाच्या पॉलिशचा वास आला आणि नव्वदच्या दशकात पाहिलेला, तसाच वास असलेला फ्रान्समधला तो किल्ला आठवला. बोटीवर इंजिनिअर असलेला नवरा कित्येक महिन्यांनी तिथे भेटणार होता, म्हणून इथल्या वुडलँड्सच्या घरून लहानग्या लेकीला घेऊन मी गेले होते. ती मात्र त्याच्याजवळ जाईना. गव्हाच्या शेतांमधल्या त्या पांढऱ्याशुभ्र किल्ल्यात दोन जिने एकमेकांना वेढत वर गेले होते. एकावरून चढणाऱ्याला दुसऱ्यावरचा माणूस फक्त झरोक्यांतून दिसे. आम्ही दोघी एका जिन्याने निघालो, तो दुसऱ्याने. झरोक्यात त्याचा चेहरा आला की ती खुदकन हसे. मध्येच तो दिसेना, तशी ती कावरीबावरी होऊन सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, कम लाह." त्या सुट्टीतली तिची त्याला पहिली हाक. वर पोचताच ती त्याच्या गळ्यात पडली. तो किल्ला कुठल्या राजाचा, ते मी कधीच विसरले. जिना घडवणाऱ्या हातांना मात्र आजही मनोमन नमस्कार करते.