झेंडूचे हार आणि सायलेन्सर

माझ्या वडिलांनी तीस वर्षं कारखान्यातला बॉयलर सांभाळला आणि त्यांना एकदाही चटका बसला नाही. तो त्यांना निवृत्तीनंतर मी दिला.

बाबा हडपसरच्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो आणि सॉफ्टवेअरमध्ये चिकटलो. तेव्हा पुण्यात हे असंच चाललं होतं. सिव्हिलवाले, केमिकलवाले, टेक्स्टाइलवाले, सगळे एकाच बसमधून कंपनीत जायचे आणि दिवसभर अमेरिकेतल्या कुठल्यातरी विमा कंपनीचे फॉर्म दुरुस्त करायचे. हाताला ग्रीस लागायचं ते फक्त कँटीनच्या वड्याचं. मग काहीतरी लोखंडी करावं अशी उबळ आली, आणि मी आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्पोर्ट्स कार बनवायला घेतली.

(इतरांची लग्नं होत होती. माझ्याकडे स्थळ घेऊन आलेली माणसं पार्किंगमधूनच परत जायची.)

भंगारात निघालेली एक छोटी चारचाकी घेतली, तिचं कवच काढून टाकलं आणि त्या सांगाड्यावर फायबरची लाल, चपटी, दोन सीटची बॉडी बसवली. कागदपत्रं जुन्या गाडीचीच असल्यामुळे सरकारदरबारी ती शेवटपर्यंत पांढरी आणि चार दारांची होती. दोन वर्षं खपलो. राहिला सायलेन्सर.

तयार सायलेन्सर बसेना, आणि बसला असता तरी मला नको होता. मला हवा होता बॉनेटच्या कुशीतून बाहेर येऊन डाव्या दाराखालून उघडाच धावणारा, आरशासारखा चकचकीत स्टीलचा पाइप. असा पाइप वाकवणारा माणूस सापडला हडपसरला. साळुंके त्याचं नाव. तो डेअऱ्यांचे दुधाचे पाइप आणि बंगल्यांच्या जिन्यांचे कठडे करायचा. मी काढलेलं चित्र त्यानं उलटं धरून बराच वेळ पाहिलं.

"ह्यातनं दूध जानार का धूर?" त्यानं विचारलं.

"धूर."

"मंग येवडं पॉलिश कशापायी? धुराला काय दिसतंय?"

पण काम केलं त्यानं देखणं. इतकं, की पाइप बसवला त्या दिवशी सोसायटीतल्या चार बायका त्यात बघून टिकली सारखी करून गेल्या. इंजिन सुरू केलं, तर आवाज असा निघाला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दुपारची झोप कायमची सोडली.

बाबा खाली आले. पाइपपाशी वाकून त्यांनी तळहात धरला. आधी वीतभर लांब, मग चार बोटांवर. मग दार उघडून डाव्या सीटखालच्या पत्र्यावर हात ठेवला.

"इथे कोण बसणार?"

"कोणीही. म्हणजे पहिले तुम्हीच."

"मग झाकून घे. धग कॉलेजात गेलेली नसते. वाट दिसेल तिकडे जाते."

मी त्यांना समजावलं. (होय, मी. त्यांना. उष्णतेबद्दल.) म्हटलं, गाडी पळायला लागली की वारा लागतो, वाऱ्याने पाइप गार राहतो, शिवाय बॉनेटवर मी जाळ्या ठेवल्या आहेत, तिथून गरम हवा निघून जाते, सगळं कॉम्प्युटरवर मांडून पाहिलं आहे. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आपण शिकलेले. आम्ही नुसतेच शेकलेले." मग जिना चढून गेले.

पुढचे आठ दिवस ते दुपारी गच्चीवर असत. आई म्हणाली, काहीतरी ठोकत बसतात, मी विचारत नाही. आठव्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लांबडं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. आत पाइपवर चढवायचं आवरण होतं. काचेच्या लोकरीची जाड गुंडाळी, तिच्यावर पातळ पत्र्याचं गोल कवच, पत्र्याच्या कडा दुमडून घेतलेल्या, उघडायला चिमट्या. कारखान्यात वाफेच्या पाइपांना घालतात तसंच. तीन तुकडे होते, आणि प्रत्येक वाकणाचं माप त्यांनी मी ऑफिसात असताना दोरा लावून घेतलं होतं.

आता वाचकहो, इथे कोणाही शहाण्या मुलाने काय केलं असतं? मी ते केलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की याने माझा आरसा झाकला जाणार.

"बाबा," मी म्हणालो, "ही स्पोर्ट्स कार आहे. बंब नाही."

"बरं," बाबा म्हणाले. गाठोडं पुन्हा गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं.

आमच्या घरात 'बरं' हा शब्द फार वाईट. भांडण झालं तर मिटतं तरी.

तरीही खंडेनवमीला माझ्या गाडीतून जायचं त्यांनीच ठरवलं. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा असे आणि बॉयलर हाउसमधली जुनी माणसं आवर्जून बोलावली जात. त्या वर्षीचं बोलावणं निराळं होतं. बाबांचा बॉयलर काढून नवा आणायचं ठरलं होतं, ही त्याची शेवटची पूजा, आणि नारळ बाबांनी फोडायचा होता. बरोबर दहाला. पवारनानांनी, म्हणजे त्यांच्या जोडीच्या बॉयलरवाल्यांनी, तसा निरोपच पाठवला होता. आणि बाबांनी उलट निरोप पाठवला होता, की मी मुलाने बनवलेल्या गाडीतून येतोय, गेटवर उभे राहा. हे मला आईकडून कळलं. बाबांनी मला नुसतं, "रिकामा आहेस का?" एवढंच विचारलं होतं.

सकाळी आधी गाडीची पूजा झाली. मी मंडईतून झेंडूचे हार आणले होते, आणि हातचं काही राखलं नव्हतं. एक जाड तोरण गाडीच्या तोंडावर, रेडिएटरच्या बरोबर पुढे. बॉनेटच्या दोन्ही जाळ्यांवर घसघशीत माळा, कारण त्या जाळ्या माझ्या डिझाइनची शान होत्या. आणि सर्वांत सुंदर हार त्या चकचकीत पाइपला, या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळून. गाडी दिसेना, पण पूजा दिसत होती.

नवा टेरिकॉटचा पांढरा शर्ट आणि कॉफी रंगाची पँट घालून बाबा खाली आले. हातात बॉयलरचा नारळ. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"तोंडावरचं तोरण काढ. जाळ्याही मोकळ्या कर. तिला श्वास घ्यायचाय."

"अहो, काहीतरीच काय," आई म्हणाली. "पूजेचा हार आजच्या आज उतरवायचा का? उद्या काढेल तो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात मी आईचं काही ऐकल्याची नोंद नाही. पण हारांनी सजलेली गाडी, कारखान्याचं गेट, उभी असलेली माणसं, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. "आई म्हणते ते बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरं," बाबा म्हणाले, आणि बसले.

पहिला किलोमीटर स्वर्गीय होता. रिक्षावाले वळून पाहत होते, स्कूटरवरच्या एका आजोबांनी नमस्कार केला (गाडीला). बाबा नारळ मांडीवर धरून ताठ बसले होते आणि मला वाटतं, थोडे हसत होते. मग ते पाय उचलून उचलून ठेवू लागले. मला वाटलं, ठेका धरलाय.

लुल्लानगरच्या चढावर गर्दीत अडकलो आणि वारा संपला. माझ्या सगळ्या हिशेबात वारा होता; चढ आणि गर्दी नव्हती. आधी भाजलेल्या फुलांचा वास आला. मग पाइपवरचा हार सावकाश धुमसू लागला. स्वतःच स्वतःला धूप दाखवत निघालेली गाडी पुण्याने त्या दिवशी प्रथम पाहिली! शेजारच्या टेम्पोवाल्याने वाकून विचारलं, "काका, प्रसाद कुठं मिळंल?"

"खाली ऊन लागतंय," बाबा म्हणाले. एवढंच. त्यांच्या चपलांचे रबरी तळ पत्र्याला चिकटले होते हे मला नंतर कळलं.

मग बॉनेटखालून एक दीर्घ उसासा आला. तोरणामागे श्वास कोंडलेल्या रेडिएटरने सगळं पाणी वाफ करून वर फेकलं आणि झेंडूच्या पाकळ्यांचा पाऊस आमच्या दोघांवर पडला. गाडी बंद. बाबांनी वाफेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पावणेदहा.

आसपास पाणी नव्हतं. माझी नजर त्यांच्या मांडीवर गेली.

"बाबा, नारळात पाणी असतं."

"तो बॉयलरचा आहे," बाबा म्हणाले. "तुझ्या गाडीचा सकाळी फोडला."

"मी रिक्षा थांबवतो," म्हणत मी उतरलो. बाबाही उतरले. आणि उतरताना त्यांची डावी पोटरी त्या पाइपला टेकली. क्षणभरच. पण टेरिकॉटला क्षण पुरतो. त्यांनी पाय मागे घेतला तेव्हा पँटचा तळहाताएवढा तुकडा पाइपवरच राहिला, कॉफी रंगाचा, छान ताणून बसलेला. ते ओरडले नाहीत. दात आवळून श्वास घेतला, चपला पत्र्यावरून उचकटून काढल्या, नारळ सावरला आणि वीस मिनिटांनी एकदाची रिकामी रिक्षा मिळाली तिच्यात बसले. मी गाडी तशीच सोडून त्यांच्या शेजारी बसलो. रस्ताभर ते माझ्याशी बोलले नाहीत. 'बरं'सुद्धा नाही.

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. गेटवर कोणी नव्हतं. बॉयलर हाउसमध्ये अगरबत्त्या निम्म्या जळल्या होत्या आणि जमिनीवर खोबऱ्याचे तुकडे होते. पंचवीस मिनिटं थांबून शेवटी नव्या मॅनेजरसाहेबांनी नारळ फोडला होता. बाबांनी आपला नारळ बॉयलरपुढे नुसता ठेवला. मग त्याच्या अंगावर तळहात ठेवून उभे राहिले. सुट्टीमुळे तो विझवलेला होता.

पवारनाना जवळ आले. त्यांनी पँटचं भोक पाहिलं, माझ्या केसांतल्या पाकळ्या पाहिल्या.

"आम्ही वाट बघून दमलो, राव. गाडीतनं येनार होता ना तुमी?"

मी खाली पाहिलं. आता बाबा बोलणार, आणि ते बोलतील ते सगळं मला लागू असणार, अशी माझी खात्री होती.

"गाडी उत्तम आहे," बाबा म्हणाले. "फार पळते. मलाच भीती वाटली. मीच म्हटलं, आपली रिक्षा बरी."

तीस वर्षं वाफेच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस, भीती वाटली म्हणून सांगत होता. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे इतकं आठवून लिहीत बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून गाठोडं काढलं आणि आवरण चढवलं. तिन्ही तुकडे वाकणावर वाकण असे बसले, की चिमट्या लावायचीही गरज नव्हती. गाडी त्यानंतर पुन्हा कधी उकळली नाही. डाव्या सीटखालचा पत्रा तासाभरानंतरही गार असायचा. मी बाबांना कितीदा म्हटलं, चला, एक चक्कर मारू. ते कधी पोटरीचं कारण सांगत नसत. आज दूध आणायचंय, आज पेपर वाचायचाय, आज वारा आहे. वारा आहे! त्या पोटरीवर अंगठ्याएवढा डाग कायमचा राहिला. नातेवाईक विचारायचे, तर म्हणायचे, "कारखान्यातला आहे."

मग मी दोन वर्षं परदेशी गेलो. परत आलो तेव्हा गाडीत मांजरीचं दुसरं बाळंतपण चालू होतं आणि सोसायटीने काचेवर कागद चिकटवला होता: 'वाहन असल्यास चालवावे. शोभेची वस्तू असल्यास घरात न्यावी.' शेवटी साळुंके घेऊन गेला. तो पाइप कोणाच्यातरी बंगल्यात जिन्याचा कठडा झाला म्हणे. हात टेकवणाऱ्याला तिथे तरी चटका बसत नसेल. आवरण मात्र मी काढून ठेवलं होतं.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईने तांब्याचा जुना बंब टाकू दिलेला नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तो गच्चीवर पेटवतो. मध्यंतरी मुलीचा हात भाजेल म्हणून मी आवरणाचा एक तुकडा त्याच्या धुराड्यावर लावून पाहिला. बेतल्यासारखा बसला. परवा तिने त्यावर बिनधास्त हात ठेवला आणि विचारलं, हे कोणी केलं.

"आजोबांनी. माझ्या स्पोर्ट्स कारसाठी."

"मग कार कुठेय?"

मी बंबात एक ढलपी सारली. ही गाडी आहे, बंब नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं होतं. आज गाडी नाही. बंब आहे. आणि तेवढाच काय तो माझ्या हातून एकदाही उकळून बंद पडलेला नाही.