चौथ्यावर ऊन पडत नाही

भूतबित, करणीबिरणी असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ग्रुपवर कुणी असलं काही टाकलं की टर उडवणारा पहिला मीच... आता गप्प बसतो.

आम्ही गारखेड्यात राहतो. माझे वडील, अण्णा, यांचा सगळा जन्म वेरूळला गाइड म्हणून गेला. लोकांना कैलास दाखवता दाखवता त्यांनी एकच ध्यास घेतला – इजिप्तमधलं अबू सिंबेलचं देऊळ बघायचं. तेही डोंगरातच कोरलेलं. आत अंधाऱ्या गाभाऱ्यात चार मूर्ती ओळीनं बसलेल्या, आणि सकाळचं ऊन तिथवर वर्षातून दोनदाच पोचतं. अण्णांना नेमकं तेव्हाच जायचं होतं, म्हणून फेब्रुवारीचं बुकिंग केलं. आई, अण्णा, मी आणि माझी बायको.

व्हिसाच्या फोटोसाठी छावणी भागातल्या एका स्टुडिओत गेलो. एकाच स्टुलावर एकामागून एक बसलो. आमचे तिघांचे फोटो स्वच्छ आले. अण्णांचा चेहरा मात्र काळा! शर्टाची बटणं दिसतायत, मागचा पडदा पांढराशुभ्र, आणि मध्ये नुसता काळोख. पुन्हा काढला, पुन्हा तेच.

"लाइट तो बराबर है, भाई... मेरे को समझ में नै आ रा," फोटोग्राफर म्हणाला.

गुलमंडीत दुसरीकडे गेलो. तेच. शेवटी भर उन्हात रस्त्यावर उभं करून मी मोबाइलवर काढला – तेच.

अण्णांनी मोबाइल घेऊन बराच वेळ बघितलं.

"त्या गाभाऱ्यात चौघांतल्या तिघांवरच ऊन पडतं रे. चौथा अंधाराचा देव. त्याच्यावर कवाच नाय पडत."

"काही पण काय बोलताय अण्णा! कॅमेऱ्याचा काहीतरी घोळ आहे."

"व्हय, तसंच आसंल. पर तुम्ही तिघं जाऊन या."

त्याच आठवड्यात अण्णा गेले. दुपारी जेवून अंगणात ऊन खात बसले होते, तिथंच. ना ताप, ना दुखणं. मला अजून राग येतो. ज्या माणसानं उभा जन्म लोकांना दगड दाखवले, त्याला ते चार दगड बघू द्यायचे नव्हते?

आम्ही गेलोच नाही. अण्णांचा वेरूळचा जुना फोटो भिंतीला लावलाय. आईनं त्यावर बल्ब बसवून घेतला, तो रात्रंदिवस चालू असतो. त्यांचा चेहरा काळा का येत होता, हे मला आजही सांगता येत नाही. आणि बल्ब कशासाठी, हे मी आईला विचारत नाही.

परवा संध्याकाळी लाइट गेली. मेणबत्ती घेऊन आलो, तर आई खुर्चीवर चढून फोटोवर टॉर्च धरून उभी.

"आई, पडशील. उतर खाली."

"लाइट येऊ दे," ती म्हणाली, "मग उतरते."

मी मेणबत्ती बाजूला ठेवली आणि खुर्ची धरून उभा राहिलो.