कढईनं पेट घेतला तेव्हा

पैठण रोडनं शहर सरकत सरकत जिथवर आलं होतं, तिथं नव्या इमारतींच्या कुंपणाबाहेर कडूबाई गाड्यावर मासे तळायची. नवरा बन्सी पैठणच्या धरणात जाळं टाकायचा आणि रोहू, चिलापी मोटारसायकलवर बांधून तिच्यापर्यंत आणायचा. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी इतकं मागं हटलं, की कोसभर चिखल तुडवल्याशिवाय होडी गाठता येत नव्हती. मासे यायला दुपार व्हायची. तोवर गिऱ्हाईक ताटकळायचं.

त्या दिवशी तर मासे यायला दोन वाजले. गॅसच्या शेगडीच्या रबरी नळीला बारीक भेग पडलेली कडूबाईला सकाळीच दिसली होती. पण नवी नळी आणायला गेलं तर गिऱ्हाईक उठून जाणार. तिनं भेगेवर चिकटपट्टी गुंडाळली आणि शेगडी पेटवली.

दुसरा घाणा कढईत सोडला तोच नळी फुसफुसली. भक्कन जाळ उठला, काठावरून आत शिरला आणि तेलानंच पेट घेतला. बाकावरची माणसं ताटं टाकून पळाली.

पलीकडं टँकरपाशी बायांची रांग होती. समोरच्या इमारतीतली मोनिका नुकताच भरलेला हंडा घेऊन धावत आली.

"टाकू नको!" कडूबाई ओरडली. "पेटलेलं तेल हाय ते! पाणी पडलं तर उडंल, समदे भाजतील!"

"मावशी, सिलिंडर फुटंल की!"

"हंडा खाली ठेव. ते पोतं बुडव त्यात. बिगी बिगी!"

दोन तास उन्हात उभं राहून मिळालेलं पाणी. मोनिकानं पोतं त्यात कोंबलं. कडूबाईनं ते ओलं पोतं हाताला गुंडाळलं, तोंड फिरवलं आणि जाळाच्या कडेनं हात घालून सिलिंडरचं बटण चाचपलं. एकदा निसटलं. मनगट भाजलं. दुसऱ्यांदा बटण फिरलं आणि नळीचा जाळ विझला.

कढई मात्र धडधडत होती. तिनं पिठाची लोखंडी परात उपडी करून बाजूनं कढईवर सरकवली. फटींतून धूर निघत राहिला.

"विझलं का बघू?" मोनिकानं हात पुढं केला.

"नाय! उघडलं की परत पेटंल. गार होऊ दे."

सगळे लांबून त्या परातीकडं बघत राहिले. अर्धा तास गेला. मग धूर थांबला आणि कडूबाई खाली बसली.

"गॅस कंपनीचा मालच खराब असतो," गर्दीतून एकजण म्हणाला.

"माल नाय खराब," ती म्हणाली. "भेग मला सकाळीच दिसली व्हती. चूक माझी हाय."

मोनिकानं हंड्यात उरलेलं पाणी तिच्या मनगटावर हळूहळू ओतलं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामा हंडा घेऊन ती पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. रांगेतल्या पहिल्या बाईनं तिला हात धरून पुढं ओढलं.

महिनाभरानं कडूबाईनं गाडा पुन्हा लावला. नळी नवी होती. मनगटावरचा डाग गेला नाही.