आढीवरची काठी

गवताच्या आढीत पिकलेल्या आंब्यांचा वास आला की माझा गाल पेटतो. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाचा, मलकापूरकडचा तो उन्हाळा. आधी काठी आपटायची, मगच गवतात हात घालून आंबा काढायचा, असा आम्हा नातवंडांना आबांचा दम होता. त्या दुपारी मी तसाच हात घातला. आबांनी अशी थप्पड हाणली की मी भिंतीवर आदळले. मग ते वेड्यासारखे गवत झोडपत सुटले. आंब्यांच्या रसात नाग ठेचला गेला, तरी काठी थांबेना. "मेली असती न वं पोरी!" म्हणत आबा रडत होते.

काल माझ्या नातीनं तसाच हात घातला आणि माझा हात उठला. आढीत नुसते आंबे होते.

"आजी, काऊन मारलं?" ती रडत विचारत होती.

मी गवत झोडपतच राहिले.