उताराचा नळ

शेतांत ठिबकच्या नळ्या अंथरण्यात माझी वीस वर्षं गेली आणि पुढची चार युद्धातून पळालेल्या लोकांच्या छावण्यांत. देशाचं नाव लिहीत नाही, करारात तशी अट आहे. आता पिंप्राळ्यात घरी आहे. अमळनेरहून अक्का, माझी थोरली बहीण, आली की विचारते, "तठे तू काय काम करे रे भाऊ?" मी म्हणतो, नळ बसवायचो. पुढचं सांगायचा कंटाळा येतो.

आमच्यासारखा माणूस जमीन बघितली की आधी उतार शोधतो. तिथल्या एका छावणीत मी टाकी वर बांधली, नळ खाली रस्त्याकडेला घेतला. पाण्याला असा जोर, की डबा भरायला मिनिटही लागेना. रस्त्यापलीकडे बंदूकवाल्यांची चौकी होती. ती मला दिसली होती, पण मी पाण्याचाच विचार करत होतो.

नळावर यायच्या त्या सगळ्या म्हाताऱ्या. आमच्याकडे सून घरात असताना सासू हंडा उचलत नाही, म्हणून मला गंमत वाटली. दुभाष्याकरवी एका आजीला चिडवलं, "तुमच्याकडे सुनांची मजा आहे!" ती हसली, मीही हसलो. ज्येष्ठ महिलांचा सहभाग चांगला आहे, असं अहवालातसुद्धा लिहिलं. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एकदा तीच आजी चढावर डबे टेकवून बसलेली दिसली. गुडघा टम्म सुजला होता. म्हटलं, उद्या सुनेला पाठवा. चौकीकडे न बघता ती म्हणाली, "मला म्हातारीला कोण उचलून नेणार?"

नळ वर झोपड्यांमध्ये हलवायचा अर्ज मी त्याच दुपारी केला. तिथे जोर कमी पडेल, असं उत्तर आलं. मग पाहणी झाली, मग सही करणारे साहेब रजेवर गेले. मी रोज विचारायचो आणि रोज थकून परत यायचो.

मंजुरी यायच्या आत आजीने अंथरूण धरलं. सकाळी तिची सून डोकं झाकून, रिकामे डबे घेऊन उताराला लागली. मी धावत गेलो आणि डबे तिच्या हातातून काढून घेतले. कर्मचाऱ्याने कुणा एका घराचं काम करायचं नाही, असा नियम होता. तो मोडला. भरलेले डबे तिच्या दारात ठेवून मागे वळलो, तर शेजारच्या प्रत्येक दारात रिकामे डबे आणून ठेवले होते.