गच्चीवरून मोजलेली उंची

मी हवाई दलात चौदा वर्षं एअर ट्रॅफिक कंट्रोलर होते. स्क्वॉड्रन लीडर म्हणून निवृत्त झाले. आर्या, ईशान, तुम्ही विचारलंत की युनिफॉर्म उतरवल्यावर आजीनं पुन्हा कधी ड्यूटी केली का. एकदाच केली. गेल्या श्रावणात, इथे सुरतेत, आपल्याच बिल्डिंगच्या गच्चीवर.

त्या रविवारी समोरच्या नवागामातल्या खानदेशी घरांत कानबाई, म्हणजे नारळाच्या रूपातली देवी, बसली होती. संध्याकाळी खाडीचं पाणी चढलं. फायर ब्रिगेडची बोट आली, पण एका घरातली चार माणसं निघाली नाहीत. कानबाईचं विसर्जन सोमवारी सकाळी होतं, तोवर तिला एकटी सोडत नाहीत. पहाटे त्या घराचा जिना कोसळला. पाण्याला ओढ इतकी होती की बोट पुन्हा जवळ जाईना. चौघं छतावर अडकली आणि खालच्या भिंतीला तडे जाऊ लागले.

मी कंट्रोलर होते हे कळल्यावर ०७४० वाजता फायर ऑफिसरनं गच्चीवर येऊन माझ्या हातात वॉकी-टॉकी दिला.

"मॅडम, हेलिकॉप्टर येतंय. नवव्या मजल्यावरून तुम्हाला सगळं दिसतं. सांगत राहा."

माझा शब्द कंट्रोल रूम पायलटला पोचवणार होती.

०८०५. हेलिकॉप्टर उधन्याच्या बाजूनं आलं. त्याच्या वाटेत मला एक काळा ठिपका दिसला.

"कंट्रोल, टेरेस. ड्रोन, हेलिकॉप्टरच्या समोर, त्याच उंचीवर. होल्ड ऑफ."

"रॉजर, होल्डिंग. फ्युएल पंचवीस मिनिटं."

ड्रोन उडवणारा माझ्याच मागे, पाण्याच्या टाकीआड उभा होता. प्रकाश, चाळिशीचा, लग्नांचं शूटिंग करतो. कानबाईच्या मिरवणुकीसाठी त्यानं ड्रोन आणला होता.

"खाली घे."

"मावशी, मी नियमात आहे. एकशेवीस मीटर चालतं. स्क्रीनवर एकशेदहा आहे."

"कुठून एकशेदहा?"

"इथून."

"इथून म्हणजे नवव्या मजल्यावरून. जमिनीपासून मोज. आणि हेलिकॉप्टर असताना एक मीटरसुद्धा चालत नाही."

तो स्क्रीनवरची नजर काढेना.

"मनी माय तठे शे," तो म्हणाला.

स्क्रीनवर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी, त्याची आई, छताच्या कडेला बसली होती.

"जिवंत आहे. पाहिलंस. आता तिला न्यायला आलेत त्यांना वाट दे."

त्यानं रिमोटची कांडी खाली ओढली. ०८११ ला ड्रोन गच्चीवर उतरला.

"कंट्रोल, टेरेस. ड्रोन डाउन. क्लिअर."

चौदा वर्षं मी टॉवरच्या काचेमागून पायलटांशी बोलले. पायलटच्या डोळ्यांच्या पातळीवरून त्याचं काम कधी पाहिलं नव्हतं. कित्येक टनांचं ते यंत्र विजेच्या दोन तारांमधल्या फटीवर खिळा ठोकल्यासारखं उभं राहिलं. खाली पाणी दाबलं जाऊन ताटासारखं गोल झालं. दोर चार वेळा उतरला, चार वेळा चढला. म्हातारी शेवटी आली, पदरात कानबाईचा नारळ घट्ट बांधून. पायलटचं डोकं इकडचं तिकडे झालं नाही. कंट्रोलनं "टेरेस, स्टेटस?" असं दोनदा विचारलं. मी बघतच होते.

संध्याकाळी प्रकाश आईला घेऊन घरी आला.

"मावशी, एवढ्याशा ड्रोननं खरंच काय झालं असतं?"

मी त्याला घारीबद्दल सांगितलं. माझ्या स्टेशनवर एकदा उतरणाऱ्या हेलिकॉप्टरला घार धडकली. किलोभराचीही नसेल. रेडिओवर मी होते. खाली वस्ती होती. पायलटनं "टर्निंग अवे फ्रॉम व्हिलेज" एवढंच सांगितलं आणि मशीन नदीच्या पात्राकडे वळवलं. तिघं गेले.

प्रकाशच्या आईनं विचारलं, "कोना पोरे व्हतात त्या?"

मी सांगितलं. फ्लाइट लेफ्टनंट अजित, साताऱ्याच्या शाळामास्तरांचा. फ्लाइंग ऑफिसर हरप्रीत, लुधियानाच्या डॉक्टरीणबाईंचा. सार्जंट जोसेफ.

जोसेफ कोणाचा, ते मला सांगता आलं नाही. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.